मळ्यापर्यंत गेलेली सेवा



'दान' आणि 'सेवा' हे दोन शब्द आपल्या बोलण्यात नेहमी जोडीने येतात. वास्तविक त्या दोहोंत एका प्रवासाचे अंतर आहे. दान घरबसल्या देता येते. सेवेसाठी मात्र उठून जावे लागते. आणि ज्याची सेवा करावयाची त्याच्या दारात उभे राहिल्यावर, घरून निघताना बरोबर घेतलेल्या कित्येक समजुती तेथेच खाली ठेवाव्या लागतात. हा प्रवास करणे सुशिक्षित मंडळींना नेहमीच जड जाते. वर्गणी देणारे हात पुष्कळ असतात, चालणारे पाय थोडे.

अमेरिकेच्या सामाजिक इतिहासात या प्रवासाचा एक बोलका वृत्तान्त नोंदलेला आहे. मिसिसिपी राज्यातील कापसाच्या मळ्यांवर १९३५ ते १९४२ या काळात दर उन्हाळ्यात काही आठवडे एक फिरता दवाखाना चालत असे. तो सरकारने काढलेला नव्हता, कोणा धनाढ्याच्या विश्वस्त निधीतूनही चाललेला नव्हता. तो चालवीत होता महाविद्यालयीन तरुणींचा एक भगिनीसंघ. नाचगाणी, मेजवान्या आणि बोधचिन्हे मिरवण्याबद्दल ज्या संघांची नेहमी थट्टा होते, त्यांपैकीच हा एक. त्याने हे काम अंगावर का घेतले, त्यासाठी पैसा कसा उभा केला आणि त्या कामातून तो स्वतः काय शिकला, हे समजून घेण्यासारखे आहे.

भगिनीसंघ म्हणजे काय?

अमेरिकेतील महाविद्यालयांत विद्यार्थिनींचे जे संघ असतात, त्यांना 'सोरॉरिटी' म्हणतात. लॅटिन भाषेत 'सोरॉर' म्हणजे बहीण. या संघांना ग्रीक वर्णमालेतील अक्षरांची नावे देण्याची प्रथा आहे. प्रत्येक संघाचे रंग ठरलेले, चिन्ह ठरलेले, प्रवेशाचा विधी ठरलेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मुली नुकत्याच महाविद्यालयांत येऊ लागल्या होत्या, तेव्हा पुरुषांच्या जगात एकमेकींचा आधार हवा म्हणून हे संघ निघाले. पुढे त्यांत प्रतिष्ठेचा भागही शिरला. कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला वगळावयाचे, याचीच चर्चा अधिक होऊ लागली.

धर्मादाय कार्याची परंपराही या संघांत जुनी आहे. इलिनॉय राज्यातील मॉनमथ येथे १८६७ साली स्थापन झालेल्या 'पाय बीटा फाय' या संघाने १९१२ मध्ये टेनेसीच्या डोंगरी भागात गॅटलिनबर्ग येथे शाळा काढली. डोंगरातील गरीब गोऱ्या कुटुंबांची मुले तेथे शिकली. पुढे त्या शाळेच्या कामातूनच विणकाम व हस्तकला यांचे केंद्र उभे राहिले, ते आजही चालू आहे. सारांश, बाजार भरवून, नाटक करून, वर्गणी जमवून एखादे दूरचे काम पोसणे ही गोष्ट अमेरिकन भगिनीसंघांना अपरिचित नव्हती.

परंतु या संघांची दारे कृष्णवर्णीय मुलींना बंद होती. त्यामुळे १५ जानेवारी १९०८ रोजी वॉशिंग्टन येथील हॉवर्ड विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थिनींनी आपला स्वतंत्र संघ स्थापन केला. 'अल्फा कॅपा अल्फा' हे त्याचे नाव. एथेल हेजमन या विद्यार्थिनीने त्यात पुढाकार घेतला. गुलामगिरी कायद्याने संपून त्या वेळी ४२ वर्षेच झाली होती. या मुलींच्या आजी-आजोबांपैकी अनेकांनी गुलामीतच जन्म घेतला होता. पदवीपर्यंत पोहोचणे हेच त्यांच्या समाजात अप्रूप होते, आणि ज्या पोहोचल्या त्यांच्यावर मागे राहिलेल्यांचे ऋण होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. गोऱ्या मुलींच्या संघांत बहुतेक काम महाविद्यालयाच्या चार वर्षांभोवती फिरे. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या संघांत मात्र पदवीनंतरही सभासदत्व तितक्याच जोमाने चाले. पदवीधरांच्या स्वतंत्र शाखा शहरोशहरी असत. आज विद्यार्थिनी असलेली मुलगी उद्या शिक्षिका, परिचारिका किंवा डॉक्टर म्हणून त्याच संघात राही. महाविद्यालयीन मुलींच्या संघाने दवाखाना कसा चालवला, या प्रश्नाचे उत्तर या व्यवस्थेत आहे.

छापले न गेलेले छायाचित्र

या कथेतील पहिली व्यक्ती आयडा लुईस जॅक्सन. त्यांचा जन्म १९०२ सालचा, मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्ग गावचा. पुढे त्या कॅलिफोर्नियात गेल्या आणि बर्कली येथील विद्यापीठात शिकल्या. त्या काळी तेथील हजारो विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. १९२१ मध्ये त्यांनी काही मैत्रिणींसह 'अल्फा कॅपा अल्फा'ची शाखा तेथे काढली. विद्यापीठाच्या वार्षिक ग्रंथात प्रत्येक संघाचे छायाचित्र छापले जाई. या मुलींनीही त्यासाठी ४५ डॉलर भरले, नटूनथटून छायाचित्र काढून घेतले. ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ते छायाचित्र नव्हते. तुम्ही विद्यार्थीवर्गाच्या प्रातिनिधिक नाही, असे त्यांना सांगण्यात आले.

अपमान पचवणे वेगळे आणि त्यातून दिशा घेणे वेगळे. आयडा जॅक्सन पुढे ओकलंडच्या शाळेत शिक्षिका झाल्या. त्या शहरातील सार्वजनिक शाळांमधील त्या पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका. १९३३ च्या सुमारास संघाच्या राष्ट्रीय अध्यक्षपदाची धुरा त्यांच्याकडे आली. तेव्हा महामंदीचे दिवस होते. मिसिसिपीतून बाहेर पडून त्यांना पंधरा वर्षे झाली होती. तरी अध्यक्षा म्हणून काय करावे, याचा विचार करताना त्यांच्या डोळ्यांसमोर आले ते सोडून आलेले ते राज्यच.

शाळा काढली, आणि प्रश्न बदलला

मिसिसिपीतील होम्स परगण्यात लेक्झिंग्टन नावाचे गाव आहे. तेथे 'सेंट्स इंडस्ट्रियल अँड लिटररी स्कूल' ही कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती. आरेनिया मॅलरी या तिच्या मुख्याध्यापिका. आयडा जॅक्सन यांनी १९३४ च्या उन्हाळ्यात तेथे ग्रामीण शिक्षकांसाठी प्रशिक्षणवर्ग भरवला. ग्रामीण भागातील अनेक शिक्षकांचे स्वतःचेच शिक्षण अपुरे होते. त्या वर्गात २२ शिक्षक-विद्यार्थी होते आणि त्यांच्या सरावासाठी २४३ शाळकरी मुले होती. रात्री ४८ प्रौढांसाठी साक्षरतेचे वर्ग चालत. संघाच्या शाखांनी पुस्तके जमवली. सुमारे २६०० पुस्तकांचे ग्रंथालय त्या शाळेत उभे राहिले. साऱ्या परगण्यात, गोऱ्यांकडे किंवा काळ्यांकडे, त्याहून मोठे ग्रंथालय नव्हते.

एखादी संस्था येथे थांबली असती आणि समाधानाने घरी परतली असती. अहवालात लिहिण्यासारखे पुष्कळ झाले होते. परंतु वर्गात बसलेली मुले जॅक्सन यांनी डोळसपणे पाहिली होती. ती उपाशी होती. हिवतापाने पोखरलेली होती. घटसर्प आणि देवी यांची भीती त्या वस्त्यांतून गेलेली नव्हती. अशा मुलांच्या हातात पुस्तक दिले तरी ते धरून बसण्याचे बळ त्यांच्यात कोठून येणार? शिकवण्याआधी मूल जगले पाहिजे, हे त्यांच्या ध्यानी आले, आणि पुढच्या वर्षीचे काम आरोग्याचे असेल असे ठरले. सेवेकऱ्याने आपली योजना बदलण्याचा हा पहिला प्रसंग.

हे काम सोपवण्यात आले डॉ. डोरोथी बोल्डिंग फेरेबी यांच्याकडे. १८९८ साली व्हर्जिनियातील नॉरफोक येथे जन्मलेल्या डॉ. फेरेबी १९२४ मध्ये टफ्ट्स वैद्यकीय महाविद्यालयातून उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाल्या. तरीही गोऱ्यांच्या रुग्णालयांनी त्यांना उमेदवारीसाठी घेतले नाही. अखेर वॉशिंग्टनच्या 'फ्रीडमेन्स हॉस्पिटल'मध्ये त्यांना प्रवेश मिळाला. त्याच शहरात, आया कामावर गेल्यामुळे घरी एकट्या पडणाऱ्या मुलांसाठी त्यांनी १९२९ मध्ये एक केंद्र उघडले होते. गरिबीचा आजाराशी असलेला संबंध त्यांना पुस्तकातून शिकावा लागला नव्हता.

तिकीट नाकारले गेले तेव्हा

१९३५ च्या उन्हाळ्यात डॉ. फेरेबी आणि संघाच्या काही भगिनी मिसिसिपीला निघाल्या. त्यांत परिचारिका होत्या, शिक्षिका होत्या. पहिला अडथळा घरापाशीच आला. कृष्णवर्णीयांच्या एवढ्या मोठ्या गटाला रेल्वेची तिकिटे देण्याचे नाकारण्यात आले. मग भगिनींनी आपापल्या मोटारी काढल्या. वॉशिंग्टनपासून लेक्झिंग्टनपर्यंत सुमारे १००० मैलांचे अंतर. दक्षिणेकडील राज्यांत बहुतेक उपाहारगृहे आणि मुक्कामाची ठिकाणे कृष्णवर्णीयांना बंद. एखाद्या पेट्रोलपंपावर पाणी मागतानाही विचार करावा लागे. अशा रस्त्यावरून औषधांच्या पेट्या घेऊन या स्त्रिया स्वतः मोटारी हाकीत गेल्या.

दुसरा अडथळा त्याहून मोठा होता. होम्स परगण्यात निरनिराळ्या ठिकाणी दवाखाने उघडावेत आणि मळ्यांवरील कुटुंबांनी तेथे यावे, अशी त्यांची मूळ योजना होती. मळेवाल्यांनी आपल्या माणसांना तेथे जाऊ देण्यास नकार दिला.

हा नकार समजून घेण्यासाठी तेथील शेतीची रीत पाहिली पाहिजे. मळा गोऱ्या जमीनदाराचा. काळे कुटुंब त्यावर अर्धेलीने राबे. बी, अवजारे, धान्य, कपडे सारे मालकाच्या दुकानातून उधारीवर. कापूस विकला की हिशेब मालक करी, आणि बहुधा वर्षाअखेर वाटेकऱ्याच्या नावे कर्जच शिल्लक राही. ते कर्ज फिटेपर्यंत मळा सोडता येत नसे. शेजारच्या आर्कान्सा राज्यात १९३४ मध्ये काळ्या आणि गोऱ्या वाटेकऱ्यांनी मिळून संघटना काढली होती. तिची धास्ती मळेवाल्यांना होती. उत्तरेकडून आलेल्या, सफाईदार इंग्रजी बोलणाऱ्या काळ्या स्त्रिया औषधाच्या निमित्ताने आपल्या माणसांना चिथावणी देतील, असे त्यांना वाटले.

आलेल्या भगिनींसमोर दोन मार्ग होते. परत जाऊन अन्यायाची तक्रार करणे हा पहिला. तो न्याय्यही ठरला असता. दुसरा मार्ग अधिक कठीण होता. लोकांना दवाखान्याकडे येऊ देत नसतील तर दवाखानाच लोकांकडे नेण्याचा. त्यांनी तो पत्करला. मळेवाल्यांची परवानगी मिळवून त्या मोटारी घेऊन मळ्यामळ्यावर गेल्या. अमेरिकेतील फिरत्या दवाखान्यांच्या आरंभीच्या प्रयोगांत या कामाची गणना होते, पण तो प्रयोग हौसेने आखलेला नव्हता. दार बंद झाले म्हणून तो सुचला.

बंदुकीच्या सावलीत लस

काम करण्याची पद्धत साधी होती. सकाळी मोटारी मळ्यावर पोहोचत. एखाद्या झाडाखाली किंवा मळ्यावरच्या लहानशा चर्चमध्ये मेज मांडले जाई. कुटुंबे शेतातून पायी येत, बहुतेक अनवाणी. परगण्याच्या आरोग्य खात्याच्या सहकार्याने मुलांना घटसर्प आणि देवी यांच्या लसी टोचल्या जात. मोठ्यांची तपासणी होई. हिवताप आणि गुप्तरोग यांवर औषधे दिली जात. दातांची तपासणी होई. बाळाला न्हाऊ कसे घालावे, दूध कसे झाकून ठेवावे, माश्यांपासून अन्न कसे जपावे, हे शिक्षिका समजावून सांगत.

हे सारे चालू असताना घोड्यावर बसलेले, कमरेला बंदूक असलेले मळ्याचे मुकादम आसपास फिरत. या बाया आपल्या माणसांशी काय बोलतात, याकडे त्यांचे कान असत. मजुरी, कर्ज, हिशेब यांविषयी एक शब्द निघाला असता तरी काम तेथेच बंद पडले असते. डोळ्यांना दिसत असलेल्या अन्यायाविषयी तोंड मिटून, समोरच्या मुलाच्या दंडावर सुई टोचत राहणे, हा संयम सोपा नव्हे. काहींना ती तडजोड वाटेल. परंतु त्या मुलाला त्या दिवशी लस मिळाली, हेही खरे.

डोळे मात्र मिटलेले नव्हते. आहाराची चौकशी करताना भगिनींना एकच उत्तर पुनःपुन्हा मिळे. मक्याचे पीठ, खारवलेली चरबी आणि काकवी. सकाळी तेच, रात्री तेच. दूध, अंडी, भाजीपाला यांचा पत्ता नाही. अशा आहारामुळे 'पेलाग्रा' नावाचा रोग होतो. कातडी सोलवटते, पोट बिघडते, बुद्धी भ्रमिष्ट होते, शेवटी माणूस दगावतो. डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनी मिसिसिपीतीलच एका तुरुंगाच्या शेतावर १९१५ मध्ये प्रयोग करून हा रोग जंतूंचा नसून निकृष्ट आहाराचा आहे, हे दाखवले होते. १९३७ मध्ये त्यामागील नेमके जीवनसत्त्वही सापडले. म्हणजे रोग कळला होता, उपाय कळला होता. उपाय ताटात येत नव्हता, कारण कित्येक मळ्यांवर कापूस वाटेकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत पेरलेला असे आणि भाजीसाठी वाफा सोडण्यास जागा नसे.

येथे भगिनींच्या विचाराला दुसरे वळण लागले. निघताना शहरातील अनेक सुशिक्षितांप्रमाणे त्यांच्याही मनात होते की, खेड्यातील लोक अज्ञानी आहेत, अंधश्रद्ध आहेत, त्यांना स्वच्छतेचे चार धडे दिले की पुष्कळ होईल. आहाराचा उपदेश करणाऱ्या शिक्षिकेला समोरची आई विचारीत असेल, "बाई, दूध कोठून आणू?" तर त्याला स्वच्छतेच्या धड्यात उत्तर नव्हते. अज्ञान होतेच, परंतु त्याच्या मुळाशी दारिद्र्य होते, आणि दारिद्र्याच्या मुळाशी ती शेतीची रीत होती.

पैसा कोठून आला?

धर्मादाय कार्याचे कौतुक करताना आपण पैशाच्या प्रश्नाला बगल देतो. मोटारींना पेट्रोल लागते, औषधे विकत घ्यावी लागतात. हे काम महामंदीत चालले होते. ज्यांच्या बळावर ते उभे होते त्या शाळांतल्या शिक्षिका होत्या, कार्यालयांतल्या लेखनिक होत्या, शिकणाऱ्या मुली होत्या. कृष्णवर्णीय शिक्षिकेचा पगार दक्षिणेत गोऱ्या शिक्षिकेपेक्षा कितीतरी कमी असे.

संघाने हे काम राष्ट्रीय कार्य म्हणून स्वीकारले आणि आपल्या मध्यवर्ती निधीतून त्यासाठी रक्कम मंजूर केली. देशभरच्या शाखांनी त्यात भर घातली. शाखांकडे निधी उभारण्याची जी साधने होती ती नेहमीचीच. संगीताचा कार्यक्रम, नृत्याची संध्याकाळ, पत्त्यांच्या खेळाची मेजवानी, घरी केलेल्या पदार्थांची विक्री. ज्या करमणुकीबद्दल या संघांना नावे ठेवली जात, तिचाच पैसा मिसिसिपीत औषध होऊन पोहोचत होता. शिवाय मनुष्यबळावर खर्च नव्हता. जाणाऱ्या भगिनी मानधन घेत नसत, मोटार स्वतःची नेत, आणि वर्षभराच्या कष्टांनंतर मिळालेली सुट्टी त्या मळ्यांच्या धुळीत घालवत.

आणखी एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. डॉ. फेरेबी दर वर्षी कामाचा छापील अहवाल काढीत. किती दवाखाने भरले, किती मुलांना लस दिली, कोणते आजार आढळले, याचा त्यात तपशील असे. ओहायोत किंवा कॅलिफोर्नियात बसून एक डॉलर देणाऱ्या भगिनीला तिच्या डॉलरचे काय झाले, ते वाचायला मिळे. वर्गणी मागण्यात संकोच नको, पण वर्गणीचा हिशेब देण्यात कसूरही नको, हा धडा त्या अहवालांतून घ्यावा. आठ उन्हाळ्यांत या कामाचा लाभ घेतलेल्यांची संख्या सुमारे १५,००० सांगितली जाते. संयुक्त संस्थानांचे तत्कालीन महावैद्य डॉ. थॉमस पॅरन यांनीही या स्वयंसेवी कार्याची वाखाणणी केली.

विश्वासाचे मोल

याच दशकात शेजारच्या अलाबामा राज्यात काय चालले होते, ते पाहिले म्हणजे या कामाचे मोल अधिक कळते. मेकन परगण्यातील टस्कीगी येथे १९३२ मध्ये, संयुक्त संस्थानांच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने उपदंशाच्या अभ्यासासाठी सुमारे ६०० गरीब कृष्णवर्णीय पुरुष निवडले. त्यांपैकी ३९९ जणांना तो रोग होता. 'तुमचे रक्त दूषित झाले आहे, त्यावर मोफत इलाज करतो', असे त्यांना सांगण्यात आले. गरम जेवण मिळे, अंत्यविधीच्या खर्चाची हमी मिळे. इलाज मात्र जाणूनबुजून दिला गेला नाही. पेनिसिलिन उपलब्ध झाल्यानंतरही नाही. रोग शेवटपर्यंत कसा वाढत जातो, ते पाहावयाचे होते. हा प्रकार ४० वर्षे चालला आणि १९७२ मध्ये वृत्तपत्रांनी उघडकीस आणला तेव्हाच थांबला.

दोन्हीकडे रुग्ण तेच होते, गरीब, काळे, शेतात राबणारे. दोन्हीकडे 'मोफत' हा शब्द होता. एकीकडे माणूस हे साधन होते. दुसरीकडे आलेल्या भगिनी त्या माणसाला आपला मानत होत्या. सेवेची परीक्षा कागदावरील उद्दिष्टावरून होत नाही. सेवा घेणाऱ्याला खरे सांगितले जाते की नाही, आणि त्याचे हित हेच कामाचे अंतिम टोक आहे की नाही, यावरून ती होते.

औषधाच्या पलीकडे

मळ्यावर मौन पाळणाऱ्या भगिनींनी राजधानीत मात्र मौन पाळले नाही. संघाच्या एक आद्य कार्यकर्त्या नॉर्मा बॉइड या वॉशिंग्टनमध्ये शिक्षिका होत्या. त्यांच्या पुढाकाराने १९३८ मध्ये संघाने अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये आपली बाजू मांडण्यासाठी एक पक्षनिरपेक्ष यंत्रणा उभी केली. मजुरी, आरोग्य, शिक्षण, मतदानाचा हक्क यांविषयीच्या विधेयकांवर ती लक्ष ठेवी, निवेदने देई. उन्हाळ्यात सुई आणि हिवाळ्यात निवेदन, असे हे दुहेरी काम चालले. एका मुलाला लस टोचता येते. साऱ्या मळ्यांवरील मुलांच्या ताटात दूध यावयाचे तर कायदा आणि धोरण यांनाच हात घालावा लागतो, हे त्या अनुभवाने शिकल्या होत्या.

१९४२ मध्ये काम थांबले. दुसऱ्या महायुद्धामुळे पेट्रोल आणि टायर यांवर नियंत्रण आले आणि मोटारींवर उभा असलेला दवाखाना चालवणे अशक्य झाले. मळ्यांवरची गरिबी अर्थातच संपली नव्हती. डॉ. फेरेबी १९३९ ते १९४१ या काळात संघाच्या अध्यक्षा होत्या आणि १९४९ ते १९५३ या काळात 'नॅशनल कौन्सिल ऑफ नीग्रो विमेन' या मोठ्या संघटनेच्या. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

भगिनींनी ज्या बोलिव्हर परगण्यात पुढील वर्षांत काम केले, तेथेच माउंड बायू हे कृष्णवर्णीयांनी १८८७ मध्ये वसवलेले गाव आहे. १९४२ मध्येच तेथे कृष्णवर्णीयांच्या एका बंधुसंघाने सभासदांच्या वर्गणीतून रुग्णालय उघडले. १९६७ मध्ये त्याच गावी ग्रामीण भागातील पहिले लोक-आरोग्य केंद्र सुरू झाले. डॉ. जॅक गायगर हे त्याचे प्रवर्तक, आणि त्यामागे उभे होते टफ्ट्स विद्यापीठ, डॉ. फेरेबींचेच. तेथील डॉक्टर कुपोषित मुलांना औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत आणि दुकानदार त्याचे बिल केंद्राकडे पाठवीत. सरकारी अधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा कुपोषणावरचा इलाज अन्न हाच आहे, असे डॉ. गायगर यांनी उत्तर दिले. तीस वर्षांपूर्वी झाडाखाली बसलेल्या भगिनींना जे दिसले होते, ते या चिठ्ठीवर उतरले.

आक्षेप आणि उत्तरदायित्व

या संघांवर टीका झालेली आहे आणि ती पूर्णपणे गैरलागू नाही. हॉवर्ड विद्यापीठातीलच समाजशास्त्रज्ञ ई. फ्रँकलिन फ्रेझियर यांनी १९५० च्या दशकात कृष्णवर्णीय मध्यमवर्गावर जळजळीत ग्रंथ लिहिला. हा वर्ग स्वतःच्या प्रतिष्ठेच्या नादात सामान्य बांधवांपासून तुटला आहे, मेजवान्यांत रमला आहे, असा त्यांचा आरोप होता. कोणत्याही समाजातील शिकलेल्या वर्गाने तो आरोप आपल्यापुरता तपासून पाहावा. पदवी माणसाला वर नेते, आणि वर गेलेल्याला खालची वस्ती दिसेनाशी होते, हा धोका सर्वत्र सारखाच आहे. मिसिसिपीच्या मळ्यांवर गेलेल्या भगिनी त्याच मध्यमवर्गातील होत्या. त्यांनी आपले रंग, आपली चिन्हे, आपल्या संध्याकाळच्या मैफली सोडल्या नाहीत. त्या मैफलींना त्यांनी एक पत्ता दिला.

तो वारसा पुढे चालला. १९६५ मध्ये केंद्र सरकारने क्लीव्हलंड शहरात बेरोजगार तरुणींना व्यवसायशिक्षण देणारे केंद्र चालवण्याचे काम याच संघाकडे सोपवले. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये कृष्णवर्णीयांच्या जुन्या विद्यापीठांसाठी संघाने एका दिवसात १० लाख डॉलरहून अधिक निधी जमवला. २०२१ ते २०२५ या काळात अमेरिकेच्या उपराष्ट्राध्यक्षा असलेल्या कमला हॅरिस या हॉवर्डमध्ये असताना याच संघाच्या सभासद झाल्या. छायाचित्र छापण्याच्या लायकीच्या नाहीत असे ज्यांना सांगितले गेले, त्यांचा संघ येथवर आला.

परंतु संघाची उंची मोजावयाची ती पदांवरून किंवा एका दिवसाच्या निधीवरून मोजू नये. आज पैसा गोळा करणे पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपे झाले आहे. महाविद्यालयांतून मुले-मुली उत्साहाने निधी जमवतात, मदतीची पाकिटे भरतात, ती रवाना करतात. त्या उत्साहाचे मोल कमी नाही. मात्र पाकीट रवाना झाल्यावर कोणीतरी त्याच्या मागोमाग गेले पाहिजे. ज्याला ते मिळाले त्याच्या घरात डोकावले पाहिजे, त्याने विचारलेला प्रश्न ऐकला पाहिजे, आणि आपण आणलेले उत्तर चुकीचे निघाले तर ते बदलण्याची तयारी ठेवली पाहिजे. परत आल्यावर देणाऱ्यांना हिशेब आणि समाजाला सत्य सांगितले पाहिजे.

पुस्तके घेऊन गेलेल्या भगिनी लस घेऊन परत आल्या, लस घेऊन गेलेल्या निवेदन घेऊन राजधानीत उभ्या राहिल्या. हे त्यांना कोणत्याही सभेत बसून सुचले नसते. त्यासाठी १००० मैल मोटार हाकावी लागली, आणि मळ्याच्या बांधावर उतरावे लागले. प्रत्येक गावाजवळ असा एक बांध असतो. आपल्यातील किती जण तेथपर्यंत जाऊन आले आहेत, याचा विचार ज्याने-त्याने आपल्या मनाशी करावा.